यमुना ‘मी’ म्हणाली तेव्हा

मराठी कादंबरीत यमुना दोनदा जन्मली. पहिली बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’त, १८५७ साली. विधवाविवाहाचा कायदा आदल्याच वर्षी झाला होता. विधवांचे हाल वाचकांपुढे ठेवायचे म्हणून पदमनजींनी प्रवासाचा आधार घेतला. यमुना नवऱ्याबरोबर फिरते, वाटेत विधवा भेटतात, त्यांच्या कर्मकहाण्या कळतात. पुढे ती स्वतः विधवा होते आणि ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. मात्र गोष्ट सांगतो तो लेखक. त्यामुळे एकेक विधवा साक्षीदारासारखी पुढे येते, जबानी देते आणि निघून जाते.

मधल्या काळात ‘मुक्तामाला’ (१८६१), ‘मंजुघोषा’ (१८६८) अशा अद्भुतरम्य कादंबऱ्यांची चलती होती. माजघरात डोकावण्याची त्यांना गरज वाटली नाही.

दुसरी यमुना हरिभाऊ आपट्यांची. ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९०पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात येऊ लागली, तेव्हा हरिभाऊ अवघे सव्वीस वर्षांचे होते. ही यमुना आपलं चरित्र आपणच सांगते. पुरुषाने बाईच्या तोंडून आत्मचरित्र वदवणं जगाला नवं नव्हतं. डिफोने ‘मॉल फ्लँडर्स’मध्ये १७२२ सालीच ते केलं होतं. पण पुण्यात त्या घडीला या ‘मी’चं वजन वेगळं होतं. १८९१ साली संमतिवय दहावरून बारावर नेणारा कायदा झाला, त्यावरून केवढं रान पेटलं! आणि मुलींच्या त्या प्रश्नावर सभांतून, वर्तमानपत्रांतून तावातावाने भांडणारे बहुतेक पुरुषच.

हरिभाऊंची खरी करामत मला या ‘मी’च्या मर्यादेत दिसते. लेखक कुठेही शिरू शकतो, यमुनेला ती मुभा नाही. पुरुष ओटीवर काय ठरवतात ते तिला दाराआडून ऐकू येईल तेवढंच, नाहीतर कुणीतरी सांगेल तेव्हा. तिच्याच आयुष्याचा निर्णय तिला सर्वांत शेवटी कळतो, आणि तिच्याबरोबर आपल्यालाही. बाईला घरात विचारत नाहीत, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

शिवाय या ‘मी’ दोन आहेत: भातुकलीच्या वयाची पोर आणि सगळं भोगून झाल्यावर आठवणारी बाई. पोरीला जे गमतीचं वाटतं त्यामागचं भय बाईला ठाऊक आहे. यमुना विधवा झाल्यावर सासरचे शंकरमामंजी तिचं जबरीने केशवपन करवतात त्या प्रसंगापर्यंत आपण या आवाजाला इतके सरावलेले असतो, की ‘विधवांचा प्रश्न’ हा शब्दप्रयोगच थिटा वाटू लागतो. पाल्हाळ आहे, कबूल. पण आठवड्याआठवड्याने वाचणाऱ्याला तोच पाल्हाळ घरोबा वाटला असणार.

पुढे या ‘मी’ला फाटे फुटले. खांडेकरांनी ‘ययाति’त (१९५९) तो तिघांत वाटला. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा एकाच संसाराबद्दल बोलतात, पण प्रत्येकाची भूक निराळी. वासनेच्या कादंबरीला ही वाटणी शोभते. ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) कर्णाभोवती कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्णही बोलतात. शिवाजी सावंतांचे हे सगळे निवेदक मात्र सारख्याच भरजरी भाषेत बोलतात, आणि तिथे ही युक्ती मला लंगडी वाटते. नेमाड्यांच्या ‘कोसला’त (१९६३) पांडुरंग सांगवीकर एकटाच बोलतो. त्याचं ‘वगैरे’ दुसऱ्या कुणाच्या तोंडी घालून बघा, जमणार नाही.