कामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अपमान झाला, तर जबाबदार कोण?

अमरावती-अकोल्याकडे शिक्षक, आशा सेविका, कृषी केंद्रवाले, वकील अशा सगळ्यांचे कामाचे ग्रुप असतात. बैठकीची वेळ, रजा, वरून आलेला आदेश, सगळं तिथंच येतं. मित्रांच्या ग्रुपवर पटलं नाही की माणूस लेफ्ट होतो. कामाच्या ग्रुपवर लेफ्ट झालं की निरोपच बंद. त्यामुळे इथं कुणी घाणेरडं बोललं, तर समोरच्याला ते सगळ्यांदेखत सोसावं लागतं.

अशा वेळी पहिलं बोट ॲडमिनकडे जातं. ॲडमिनवर गुन्हा दाखल होतो का? याचं उत्तर विदर्भातल्याच एका प्रकरणाने दिलं आहे.

2016 मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका ग्रुपवर एका सदस्याने महिला सदस्याबद्दल अश्लील भाषा वापरली. ॲडमिनने त्याला काढलं नाही, माफीही मागायला लावली नाही, उलट हतबलता दाखवली, अशी तिची तक्रार होती. पोलिसांनी ॲडमिनवरही गुन्हा नोंदवला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेलं. अमरावती आणि अकोलाही याच खंडपीठाच्या हद्दीत येतात. 1 मार्च 2021 रोजी न्या. झेड. ए. हक आणि न्या. अमित बोरकर यांनी ॲडमिनवरचा गुन्हा रद्द केला. ॲडमिन सदस्याला घेऊ किंवा काढू शकतो, पण पोस्ट येण्याआधी ती तपासू शकत नाही. त्यामुळे दोघांचा आधीच ठरलेला बेत किंवा समान हेतू दिसत नसेल, तर दुसऱ्याच्या पोस्टसाठी ॲडमिनला गुन्हेगार ठरवता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

हा निकाल अनेक ॲडमिन ढालीसारखा पुढे करतात. पण त्याने सुटका झाली ती ॲडमिनची, लिहिणाऱ्याची नाही. शिवाय 2022 मध्ये व्हॉट्सॲपने ॲडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायची सोय दिली. आधी तपासणं आजही शक्य नाही, पण ‘माझ्या हातात काहीच नाही’ हे म्हणणं आता पूर्वीइतकं खरं राहिलेलं नाही.

लिहिणाऱ्यासाठी कायदा कडक आहे. शब्दांनी स्त्रीच्या विनयाचा अपमान केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 79 खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ग्रुपमधून नंबर उचलून सहकारी महिलेला रात्री ‘डीपी छान आहे’ असे मेसेज टाकत राहणंही ‘सहज’ नसतं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा इथं लागू होऊ शकतो. वेगवेगळ्या राज्यांत बसून एकाच बँकेत काम करणाऱ्यांसाठी डिजिटल व्यासपीठ हेही कामाचं ठिकाणच, असं राजस्थान उच्च न्यायालयाने 2021 मध्ये म्हटलं. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथं अंतर्गत समिती हवीच. दुकान किंवा दवाखाना त्याहून लहान असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रारीची मुदत तीन महिने. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते.

बराचसा अपमान मात्र कुठल्याच कलमात बसत नाही. पुरुषाला ‘सर’ आणि त्याच पदावरच्या बाईला नुसतं नाव. नाहीतर कुणी ‘मले उद्या येनं जमत नाही’ असं लिहिलं की त्याखाली हसऱ्या इमोजींची रांग. ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ ही वऱ्हाडी आहे, चूक नव्हे. ज्या लीळाचरित्राने मराठी गद्याची सुरुवात झाली असं मानतात, ते अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरशी जोडलेलं आहे आणि मराठी भाषा विद्यापीठही तिथंच उभं राहिलं आहे. पण थट्टा झालेला माणूस पुढच्या वेळी प्रश्नच विचारत नाही. आशा सेविकांच्या ग्रुपवर असा न विचारलेला प्रश्न औषधाच्या डोसबद्दलचाही असू शकतो.

ॲडमिनने अशा वेळी त्याच ग्रुपवर ‘हे इथं चालणार नाही’ असं लिहिलेलं बरं. अपमान सर्वांसमोर आणि समज खासगीत, असं झालं तर बाकीच्यांना ते चाललं असंच वाटतं. ग्रुपचे नियम डिस्क्रिप्शनमध्ये आधीच लिहिलेले असले, तर बोलणंही सोपं जातं.

एक गडबड नेहमी होते. ॲडमिन घाईने मेसेज डिलीट करतो आणि पुरावाही जातो. आधी नंबर, तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा, चॅट एक्सपोर्ट करून ठेवावी, मग मेसेज काढावा. ज्या फोनवर तो आला, तो फोन विकू किंवा रीसेट करू नये. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात त्या फोनचा तपशील द्यावा लागतो.