खेळ आणि खाडा

खेळ हा काय अभ्यासाचा विषय आहे, अशी शंका विद्वानांच्या बैठकीत निघते. एके काळी इंग्लंडातील प्राध्यापकांचीही हीच समजूत होती. ती दूर करण्यात एरिक डनिंग यांनी आपली सारी हयात वेचली.

डनिंग १९५६ साली अर्थशास्त्र शिकावयास लेस्टरला आले. तेथे त्यांना नॉर्बर्ट एलियास हे गुरू लाभले. एलियास जर्मनीतले ज्यू समाजशास्त्रज्ञ. हिटलरशाही आली तेव्हा, १९३३ साली, त्यांनी मायदेश सोडला. लेस्टरची अध्यापकी मिळाली तेव्हा त्यांची साठी जवळ आली होती. शिष्याला फुटबॉलचे वेड होते. गुरूंनी त्याला हसण्यावारी नेले नाही. उलट त्याच विषयाचे संशोधन करावयास उत्तेजन दिले. १९६२ पासून डनिंग लेस्टरलाच शिकवू लागले.

केनेथ शेअर्ड यांच्यासह त्यांनी १९७९ साली रग्बीचा सामाजिक इतिहास प्रसिद्ध केला. तो वाचताना माझ्यासारख्या कामगार कार्यकर्त्याला आपलीच गोष्ट वाचल्यासारखे वाटते. श्रीमंतांच्या शाळांतला हा खेळ यॉर्कशर-लँकेशरच्या गिरणी व खाण कामगारांपर्यंत पोहोचला. परंतु शनिवारी दूरगावी सामना असला की खाडा पडे आणि मजुरी बुडे. ती भरून द्यावी, एवढीच उत्तरेकडील क्लबांची मागणी होती. १८९३ साली रग्बीच्या मध्यवर्ती संघटनेने ती फेटाळली. खेळ खेळासाठीच खेळावा, असे तिचे तत्त्व! ज्याची चूल रोजंदारीवर पेटत नाही, त्याला हे तत्त्व परवडते. अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथे उत्तरेकडील क्लबांनी आपली वेगळी संघटना स्थापिली.

आमच्या कचेरीतही एकदा एक कबड्डीपटू आला होता. सामन्यांपायी चार खाडे झाले, पगार कापला गेला. ढाल मात्र साहेबांच्या टेबलावर झळकत होती! त्या दिवशी मी त्याची समजूत काढून त्याला परत पाठविले. हा इतिहास तेव्हा मला ठाऊक असता, तर त्याचा अर्ज घेऊन मीच साहेबांपुढे उभा राहिलो असतो.

डनिंग २०१९ साली वारले. ज्या रग्बीने मजुरांना दार लावले होते, तिनेही १९९५ साली खेळाडूंना उघडपणे पैसे देण्यास मान्यता दिली. त्या साध्या मागणीला न्याय मिळण्यास शंभर वर्षे लागली!