आमची शाळा व आमचा गांव : वसईच्या मुलांनीं द्यावयाची ओळख

ज्युबिली म्हणजे केवळ रोषणाई, बँड व मेजवानी नव्हे. जुन्या करारांतील लोक पन्नासावें वर्ष पवित्र मानीत, तें दासास मोकळीक मिळावी व ज्याची जमीन गेली त्यास ती परत मिळावी म्हणून. हरवलेलें पुन्हां हातीं घेण्याचा हा सण होय. आपल्या धर्मग्रामाच्या या मंगलप्रसंगीं आपण कोणती वस्तु पुन्हां हातीं घ्यावी, असें आम्हांस कोणीं विचारल्यास आम्ही उत्तर देऊं : आपल्या मुलांच्या तोंडची आपल्या गांवाची ओळख. हें उत्तर कित्येकांस क्षुल्लक वाटेल. परंतु त्यामागें जवळजवळ सातशें वर्षांचा इतिहास उभा आहे, व तोच येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मराठी शाळेंत शिकलेल्या बहुतेक प्रत्येकानें लहानपणीं दोन निबंध लिहिलेले असतात. एक ‘माझी शाळा’ आणि दुसरा ‘माझा गांव’. शाळा कौलारू आहे, पुढें पटांगण आहे, गांवांत विहीर आहे, लोक शेती करितात, मला माझा गांव फार आवडतो. एवढें लिहिलें कीं मास्तर पाटी परत देत. या दोन निबंधांस आपण आजवर फारशी किंमत दिली नाहीं. पण आपली ओळख आपणच लिहावी ही संधि आपल्या पूर्वजांस कित्येक शतकें मिळालीच नव्हती, हें ध्यानीं घेतलें म्हणजे त्या पाटीवरील वेड्यावांकड्या अक्षरांचें मोल कळूं लागतें.

आपल्या प्रदेशाची ओळख लिहिली ती बहुतेक परस्थांनीं. १३२१ सालीं ठाण्यास चार फ्रान्सिस्कन साधूंस धर्मासाठीं मरण आलें. त्यांचे सोबती, डॉमिनिकन साधु जॉर्डन, यांनीं त्यांचे देह सोपाऱ्यास आणून पुरले व आपल्या बांधवांस पत्र धाडून इकडील हकीकत कळविली. १५३४ सालीं गुजराथचा सुलतान बहादुरशहा यानें वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. मग फ्रान्सिस्कन व जेझुइट धर्मगुरु येथें आले. १५४८ सालीं संत फ्रान्सिस झेवियर यांचे पाय या भूमीस लागले. या धर्मगुरूंनीं युरोपांतील आपल्या वरिष्ठांस धाडलेल्या पत्रांतून आपल्या पूर्वजांचें पुष्कळ वर्णन आलें आहे. तें बहुमोल आहे यांत शंका नाहीं; परंतु तें पाहुण्यानें केलेलें यजमानाचें वर्णन आहे. यजमान स्वतः त्यांत बोलत नाहीं.

तथापि त्याच धर्मगुरूंनीं यजमानास बोलतें करण्याचें साधनही येथें आणिलें, हें कृतज्ञतेनें सांगितलें पाहिजे. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ सालीं गोव्यांत घंटा वाजवीत रस्त्यांतून फिरत, मुलें गोळा करीत व त्यांस धर्माची शिकवण गाऊन पाठ करवीत. मंदिराच्या सावलींत शाळा ही रीत आपल्याकडे अशी रुजली. वसईच्या जेझुइटांच्या हाताखालीं शिकलेला एक मुलगा तर साऱ्या जगास ठाऊक झाला. तो म्हणजे संत गोन्सालो गार्सिया. ते येथून जपानांत गेले, तेथील भाषा शिकले, कांहीं काळ व्यापार केला व पुढें मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत बंधु म्हणून दाखल झाले. १५९३ सालीं फ्रान्सिस्कन धर्मगुरु जपानच्या राज्यकर्त्यापुढें उभे राहिले, तेव्हां त्यांचें बोलणें जपानींत सांगणारा दुभाषी हा वसईचा पुत्रच होता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें त्यांस क्रूसावर मरण आलें, व १८६२ सालीं पोप नववे पायस यांनीं त्यांस संतपद दिलें. एका माणसाची ओळख दुसऱ्या माणसास नीट करून देणें हेंही पुण्यकर्म आहे, हा धडा आपल्या मुलांनीं या संतापासून घ्यावा.

भाषेच्या बाबतींतही एक गोष्ट विसरतां कामा नये. १६१६ सालीं फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानें आपलें ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओवींत रचून प्रसिद्ध केलें. परदेशीं जन्मलेल्या पुरुषानें आपल्या भाषेची एवढी थोरवी ओळखिली. उलट १६८४ सालीं गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयनें फर्मान काढलें कीं, लोकांनीं तीन वर्षांत आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावी. फर्मान विरलें, लोकांची बोली उरली. यावरून दिसतें कीं, सत्तेच्या हुकुमानें भाषा सहसा मरत नाहीं. घरच्या माणसांनीं टाकिली तरच ती मरते.

१७३९ सालीं चिमाजी आप्पांच्या सैन्यानें वसईचा किल्ला घेतला. युरोपियन धर्मगुरु गेले. गोव्याकडील देशी धर्मगुरूंनीं मोठ्या कष्टांत येथील श्रद्धेचा दिवा तेवत ठेविला. १८१८ सालीं पेशवाई जाऊन इंग्रजी अंमल पक्का झाला. १८५४ सालच्या शिक्षणविषयक खलित्यानें खाजगी व मिशनच्या शाळांस सरकारी मदत मिळण्याची वाट मोकळी झाली. १८६४ सालीं मुंबईची आगगाडी वसईवरून जाऊं लागली, आणि वाडींतील पान, फूल, केळें व भाजी मुंबईच्या बाजारांत जाऊन पोहोंचूं लागली.

या इतिहासांत १८८२ हें साल विशेष लक्षांत ठेवण्याजोगें आहे. त्या वर्षीं तीन गोष्टी घडल्या. सरकारनें ठाणें जिल्ह्याचें गॅझेटियर छापून प्रसिद्ध केलें. त्यांत येथील ख्रिस्ती लोकांचा पोशाख, चालीरीति व धंदे यांचें वर्णन आहे. त्याच वर्षीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं सोपाऱ्याचा बौद्ध स्तूप उकरून पाहिला, आणि अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडाही तेथें हातीं आला. आणि त्याच वर्षीं महात्मा जोतीराव फुले यांनीं हंटर कमिशनपुढें आपलें निवेदन ठेविलें. शेतकऱ्यांच्या मुलांस वाचन, मोडी व बाळबोध लेखन, हिशेब, इतिहास-भूगोलाची सामान्य माहिती, शेतीचें प्राथमिक ज्ञान, नीति व आरोग्य शिकवावें, अशी त्यांची मागणी होती. आमच्या मतें या तिन्ही गोष्टी एकाच साखळीच्या कड्या आहेत. आपल्या पायांखालीं दोन हजार वर्षांचा इतिहास निघाला; आपल्याविषयीं साहेबानें पुस्तक लिहिलें; आणि तें पुस्तक वाचून त्याच्या पुढचें स्वतः लिहिण्यास शेतकऱ्याच्या मुलास शाळा हवी, हें फुल्यांच्या मागणीवरून ध्यानीं येतें.

ती शाळा धर्मग्रामांतून उभी राहिली. तिचें वैभव तें काय! शेणानें सारविलेली जमीन, दगडी पाटी, भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा. पावकी, निमकी, दिडकीचे पाढे एका सुरांत चालत. दिपोटी साहेब तपासणीस येणार म्हणतांच मास्तरांची धांदल उडे, कारण मदतीची रक्कम त्या तपासणीवर अवलंबून असे. भूगोल शिकवितांना आधीं वर्गाच्या चार दिशा, मग शाळा, मग गांव, मग तालुका, मग जिल्हा, अशा पायऱ्यांनीं मूल बाहेर नेलें जाई. जवळचें कळल्यावांचून दूरचें कळत नाहीं, हें या पद्धतीचें तत्त्व होतें. आपल्याच उत्तरेस बोर्डी येथें १९४५ सालीं ताराबाई मोडक यांनीं, व त्यांच्यासह अनुताई वाघ यांनीं, बालशिक्षणाचें कार्य सुरू केलें, तें पुढें कोसबाडास गेलें. त्यांनींही पानें, शिंपले, खडे व मुलांचीं स्वतःचीं गाणीं हींच शिक्षणाचीं साधनें मानिलीं. महाराष्ट्रांत तिसरीच्या मुलांस आपल्या जिल्ह्याचा भूगोल शिकविण्याची वहिवाट पडली, तीही याच तत्त्वावर होय.

या शाळांचें फळ आपण पाहिलें आहे. धर्मगुरूंनीं, धर्मभगिनींनीं व अल्प पगाराच्या मास्तरांनीं ज्या मुलांस मुळाक्षरें शिकविलीं, त्यांच्या पोटीं वाचणारा व लिहिणारा समाज निर्माण झाला. १९५५ सालीं ‘सुवार्ता’ मासिक सुरू झालें. नंदाखाल येथें १९४२ सालीं जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं पुढें त्याचें संपादन केलें, बायबल सुबोध मराठींत आणिलें, व २०२० सालीं उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद भूषविलें. २०२४ सालीं ते देवाघरीं गेले. सिसिलिया कार्व्हालो यांच्यासारख्या लेखिकांनींही वसईची माती मराठी साहित्यांत नेली. ज्या समाजाची ओळख शतकानुशतकें दुसरे लिहीत होते, तो समाज आतां आपली ओळख स्वतः लिहूं लागला. हें महत्कार्य त्या सारविलेल्या जमिनीवर सुरू झालें.

आतां वर्तमानाकडे वळूं. आपल्या मुलानें आज पाहुण्यास आपला गांव दाखवावयाचा झाल्यास तो काय सांगेल? त्याच्या सांगण्याजोगें थोडें नाहीं. वाडींतील बावखल हें केवळ डबकें नव्हे. पावसाचें गोडें पाणी जमिनींत मुरवून समुद्राच्या खाऱ्या पाण्यास थोपविणारी ती पूर्वजांची युक्ति आहे. विहिरीवर रहाट चाले, त्याचें पाणी पाटानें पानवेलीस व केळीस जाई. राजेळी केळें सोलून उन्हांत वाळविलें म्हणजे सुकेळी होते. पाचूबंदर, नायगांव व अर्नाळा येथें कोळी बांधवांच्या होड्या लागतात. ‘कुपारी’ हें नांव ‘कोम्पाद्रे’ या पोर्तुगीज शब्दावरून आलें असें मानितात, आणि त्या शब्दांत बाप्तिस्म्याच्या धर्मपित्याशीं जोडलेलें नातें आहे. पाव, पगार, चावी, बटाटा, घमेलें, कोबी हे पोर्तुगीजांकडून आलेले शब्द आज सारा महाराष्ट्र बोलतो. वाटेवरील क्रूसाच्या दगडावर एखादें साल कोरलेलें असतें. निर्मळच्या टेकडीवर यात्रा भरते, तेव्हां हिंदु शेजाऱ्याचा आनंद आपलाही असतो. सामवेदी, वाडवळ, कोळी, आदिवासी, हिंदु, मुसलमान अशा शेजाऱ्यांत आपण वाढलों, हें सांगितल्यावांचून ओळख पुरी होत नाहीं.

परंतु यांपैकीं किती गोष्टी मुलास ठाऊक असतात? कित्येक बावखलें बुजविलीं गेलीं; रहाट थांबले; वाड्या जाऊन इमारती उभ्या राहिल्या. २०१४ सालीं ठाणें जिल्ह्याचें विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला, तेव्हां नकाशाही बदलला. आणि ज्या मराठी शाळांनीं आपणांस बोलतें केलें, त्यांच्या वर्गांतील बांक एकामागून एक रिकामे होत आहेत. आईबापांस आम्ही दोष देत नाहीं. मुलास चांगली नोकरी मिळावी म्हणून ते त्यास इंग्रजी शाळेंत घालितात. इंग्रजी विद्या हवीच, तिचा द्वेष करणें शहाणपणाचें नाहीं. आमचें दुःख वेगळें आहे. आपलें मूल लंडनच्या पुलाचें गाणें म्हणतें, पण आजीच्या बोलींत आजीशीं दोन वाक्यें बोलतांना अडखळतें. त्यास आपल्या शेतांतील झाडांचीं नांवें येत नाहींत. अशा मुलानें उद्यां आपल्या गांवाची ओळख कोणाकडून घ्यावी? पुन्हां पाहुण्यानें लिहिलेल्या पुस्तकांतूनच काय? तसें झालें तर एका शतकाहून अधिक काळ चाललेली शाळांची मेहनत वाहून जाईल, व तींही कोणाच्या फर्मानानें नव्हे, तर आपल्याच उदासीनतेनें.

यास्तव या ज्युबिलीच्या निमित्तानें आम्ही तीन सूचना नम्रपणें करितों. पहिली ही कीं, मराठी असो वा इंग्रजी, आपल्या प्रत्येक शाळेंतील मुलांनीं या वर्षीं ‘माझी शाळा’ व ‘माझा गांव’ हे निबंध पुस्तकावरून न उतरतां आजीआजोबांस विचारून लिहावेत. आपल्या आळींतील विहिरी, बावखलें व क्रूस यांचीं नांवें व सालें त्यांत असावींत. दुसरी सूचना : हे निबंध धर्मग्रामाच्या दप्तरीं जपून ठेवावेत, पन्नास वर्षांनीं ते आपल्या पणतवंडांस गॅझेटियरहून अधिक प्रिय होतील. तिसरी : धर्मशिक्षणाच्या वर्गांत महिन्यांतून एक तास गांवाच्या इतिहासास द्यावा, आणि तो शक्य तेथें घरच्या बोलींत शिकवावा. यांपैकीं कशासही मोठा पैसा लागत नाहीं. लागते ती वडीलधाऱ्यांची थोडी सवड.

इस्राएल लोक यार्देन नदी ओलांडून आले तेव्हां यहोशवानें नदीच्या पात्रांतून बारा धोंडे उचलून आणविले व ते रचून ठेविले. पुढें मुलें विचारतील कीं हे धोंडे कशासाठीं, तेव्हां बापांनीं त्यांस देवाच्या उपकारांची कथा सांगावी, एवढाच त्यांतील हेतु होता. आपल्या गांवचे क्रूस, विहिरी, मंदिराची घंटा व शाळेची जुनी पायरी हे आपले बारा धोंडे आहेत. ते अजून जागेवर आहेत. मुलांनीं विचारावें व आपण सांगावें, एवढेंच उरलें आहे. ज्या परमेश्वरानें या धर्मग्रामास इतकीं वर्षें सांभाळिलें, तो आमच्या मुलांच्या ओठीं आपल्या गांवाची कथा व आमच्या ओठीं ती सांगण्याची उमेद देवो, आणि आमची माउली पवित्र मरिया आमच्या शाळांवर आपली छाया ठेवो, हीच या शुभदिनीं आमची प्रार्थना.