वही, पुस्तक आणि पेरणी : यवतमाळ जिल्ह्यातील शैक्षणिक साहित्यदानाचा इतिहास

प्रस्तावना

गरजू विद्यार्थ्यांना वह्या-पुस्तके देणे हे आपल्या समाजात पुण्यकर्म मानले जाते. शिक्षणाच्या इतिहासात मात्र या कर्माला फारशी जागा मिळालेली नाही. शाळा कोणी काढली, इमारतीला देणगी कोणी दिली, याची नोंद संस्थेच्या अहवालात आणि भिंतीवरील शिळेवर राहते. पाटी कोणी घेऊन दिली याची नोंद कोठेच राहत नाही. प्रस्तुत निबंधात यवतमाळ जिल्हा केंद्रस्थानी ठेवून या दुर्लक्षित व्यवहाराचा विचार केला आहे. कधी तो दान म्हणून झाला, कधी कायद्याने दिलेला हक्क म्हणून, तर कधी बँक खात्यात जमा होणारे अनुदान म्हणून. ही रूपे एकामागून एक आली असली तरी एकाने दुसऱ्याला हद्दपार केलेले नाही. आजही ती शेजारीशेजारी नांदत आहेत.

या जिल्ह्यात साहित्यदानाचा प्रश्न समजून घ्यायचा तर प्रथम दिनदर्शिका पाहावी लागते. उन्हाच्या तीव्रतेमुळे विदर्भातील शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. नेमका हाच काळ कपाशीच्या पेरणीचा. कृषी सेवा केंद्रातून बियाणे आणि खत उचलण्याचा पंधरवडा आणि मुलाच्या वह्या घेण्याचा पंधरवडा एकच असतो. कापूस घरात येतो तो दिवाळीच्या आगेमागे. म्हणजे शैक्षणिक वर्ष सुरू होते तेव्हा कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातातील पैसा वर्षातील सर्वांत कमी असतो. दारिद्र्य वर्षभर असते हे खरे, पण वहीच्या बाबतीत ते मुख्यतः जूनमध्ये जाणवते. दात्यांचे कार्यक्रम मात्र बहुधा जयंत्या-पुण्यतिथ्यांच्या तारखा पाहून ठरतात.

वऱ्हाडातील पूर्वपीठिका

१८५३ च्या तहान्वये निजामाकडील वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. आजचा यवतमाळ जिल्हा १९०५ पर्यंत वणी जिल्हा या नावाने ओळखला जात असे. पुढे कापसामुळे येथे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले, मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंदमापी रेल्वे आली. शिक्षण त्या वेगाने आले नाही.

याच काळात बहुजनांच्या शिक्षणाचा प्रश्न महाराष्ट्रात इतरत्र ऐरणीवर आला होता. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन सादर केले. शेतकऱ्यांकडून वसूल होणारा महसूल उच्च वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, हा त्यातील मुख्य आक्षेप होता. खालच्या वर्गांतील मुलांना शिष्यवृत्त्या व बक्षिसे द्यावीत अशीही मागणी त्यात होती. शाळा उघडल्याने काम संपत नाही, मुलाला तेथे टिकवून ठेवण्यासाठी हातात काही द्यावे लागते, हे त्यांनी ओळखले होते. बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांनी अस्पृश्य मानलेल्या जातींसाठी स्वतंत्र शाळा व वसतिगृहे काढून तेथे पुस्तकेही मोफत दिली. १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. वऱ्हाड ज्या मध्यप्रांताला जोडला गेला होता, तेथे प्राथमिक शिक्षणाचा कायदा १९२० मध्ये झाला. तोही सक्तीचा निर्णय स्थानिक संस्थांवर सोपवणारा. संस्थानिकाच्या एका आज्ञेने जे बडोद्यात झाले, ते येथे कौन्सिलांच्या मर्जीवर आणि तिजोरीवर अवलंबून राहिले.

ही उणीव वऱ्हाडात काही अंशी दोन व्यक्तींनी भरून काढली. १९२० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. पंजाबराव देशमुख अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. त्यांनी प्राथमिक शिक्षणासाठी करवाढ करण्याचे धाडस केले आणि सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय चालविले. दुसरे संत गाडगेबाबा (१८७६-१९५६). कीर्तनातून ते लोकांना ताटे विका पण मुलांना शिकवा, असे वऱ्हाडी बोलीत सांगत. त्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या दशसूत्रीत भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र यांच्या जोडीला गरीब मुलामुलींच्या शिक्षणाला मदत येते. वही ही येथे अन्नवस्त्राच्या पंक्तीला बसते. पारंपरिक दानकल्पनेत विद्यादान श्रेष्ठ असले तरी ते गुरूने शिष्याला देण्याचे दान होते. शाळेच्या पायरीवर कधी न चढलेला माणूसही विद्येचा दाता होऊ शकतो, हा विचार लोकमानसात रुजविण्याचे मोठे श्रेय गाडगेबाबांकडे जाते.

राज्य दाता होते तेव्हा

१९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. २७ जानेवारी १९६७ रोजी पाठ्यपुस्तक निर्मितीसाठी ‘बालभारती’ची स्थापना झाली. त्या वेळी मुख्यमंत्रिपदी असलेले वसंतराव नाईक हे पुसद तालुक्यातील गहुली या गावचे, हा केवळ योगायोग असेल; पण तांड्यावरून शाळेत जाणे म्हणजे काय हे जाणणारा माणूस त्या पदावर होता. पाठ्यपुस्तक स्वस्त झाले तरी ते विकतच घ्यावे लागे. वरच्या वर्गात गेलेल्या मुलाची पुस्तके निम्म्या किमतीत घेण्याची जुनी रीत म्हणूनच टिकून राहिली. अभ्यासक्रम बदलला की ही साखळी तुटे, आणि तो भार गरीब घरांवरच अधिक पडे.

सावित्रीबाई फुले दत्तक पालक योजना या दृष्टीने अभ्यासनीय आहे. दात्याने एका मुलीच्या शिक्षणासाठी दरमहा ३० रुपये द्यावेत, अशी ती मूळ योजना. दात्याला येथे ‘पालक’ म्हटले गेले, म्हणजे शासनाने दानाला नात्याची भाषा दिली. १९९२ पासून दुर्बल घटकांतील प्राथमिक शाळेतील मुलींना दिवसाला १ रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. वहीची किंमत वाढत गेली, हा रुपया पुढे कित्येक वर्षे रुपयाच राहिला.

सर्व शिक्षा अभियानातून मोफत पाठ्यपुस्तके शाळाशाळांत पोहोचू लागली. पुढे बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि आठवीपर्यंतचे मोफत शिक्षण हा कायदेशीर हक्क बनला. पुस्तक दानाच्या कक्षेतून बाहेर पडले. वही, पेन, दप्तर आणि नववीपासूनची पुस्तके मात्र तेथेच राहिली.

आत्महत्याग्रस्त कुटुंबे आणि पात्रतेचा प्रश्न

विसाव्या शतकाच्या अखेरपासून शेतकरी आत्महत्यांमुळे यवतमाळचे नाव देशभर गेले. २००६ मध्ये पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भाचा दौरा करून यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. मृताच्या कुटुंबाला मिळणाऱ्या १ लाख रुपयांच्या साहाय्यासाठी शासनाने निकष ठरविले होते. शेतजमीन कुटुंबाच्या नावावर हवी. कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे. आणि ते थकलेले हवे. त्यावरून प्रकरणे ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ ठरत. ठेक्याने शेती करणारा, नातलगाकडून उसने घेणारा, विनापरवाना सावकाराच्या दारात गेलेला या चौकटीबाहेर राहिला.

या वर्गीकरणाची सावली मुलांच्या दप्तरांवरही पडते. बाहेरून येणाऱ्या दात्याला तयार यादी हवी असते आणि महसूल खात्याची यादी सर्वांत सोयीची असते. अपात्र ठरलेल्याच्या मुलाची वही मात्र पात्र ठरलेल्याच्या मुलाच्या वहीइतक्याच किमतीला मिळते.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळ येथे ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतल्याने वाद झाला आणि उद्घाटन वैशाली येडे या शेतकरी विधवेच्या हस्ते पार पडले. ग्रंथव्यवहाराच्या सर्वांत मोठ्या उत्सवाने तिला व्यासपीठ दिले, ही गोष्ट स्वागतार्हच. परंतु संमेलनात जी पुस्तके विकली जातात ती या घरांतील मुलांपर्यंत कशी पोहोचावीत, या प्रश्नापेक्षा निमंत्रणाचीच चर्चा अधिक झाली.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात मतीन भोसले यांनी फासेपारधी मुलांसाठी लोकांच्या मदतीवर ‘प्रश्नचिन्ह’ आश्रमशाळा उभी केली. समृद्धी महामार्गाच्या कामात २०१९ मध्ये तिच्या वर्गखोल्यांसह ग्रंथालयही पडले. पुस्तके दान मिळू शकतात, ती ठेवायची जागा तितक्या सहजी मिळत नाही.

भाषेचा मुद्दाही येथेच नोंदवावा लागतो. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी या भागांत कोलामांचे पोड आहेत. कोलाम ही शासनाने विशेष असुरक्षित मानलेली जमात. तिची कोलामी भाषा द्रविड कुळातील. दान येणारी गोष्टींची पुस्तके मराठीत असतात. पोडावरील पहिलीच्या मुलाला ती चित्रे पाहण्यापुरती उपयोगी पडतात. कोरी वही तेवढी कोणत्याही भाषेची असते.

कोरी पाने

डिसेंबर २०१६ मध्ये आदिवासी विकास विभागाने आश्रमशाळांतील विद्यार्थ्यांना वस्तूंऐवजी थेट बँक खात्यात रक्कम देण्याचा निर्णय घेतला. खरेदीतील गैरव्यवहार टळावा हा हेतू योग्यच होता. परंतु पेरणीच्या दिवसांत घरात आलेली रक्कम वहीवरच खर्च होईल, असे गृहीत धरणे धाडसाचे होते. त्यात आईबापांच्या बेजबाबदारपणापेक्षा बियाण्याची निकड अधिक असते.

शासनाचा सर्वांत लक्षणीय प्रयोग २०२३-२४ या शैक्षणिक वर्षातला. पाठ्यपुस्तकांचे चार भाग करून त्यांतच नोंदींसाठी कोरी पाने बांधण्यात आली. दप्तराचे ओझे कमी व्हावे आणि ज्यांना वही घेणे परवडत नाही अशा मुलांना लिहायला पाने मिळावीत, अशी त्यामागील भूमिका होती. वही न परवडणारी मुले राज्यात आहेत, ही गोष्ट राज्याने एवढ्या स्पष्टपणे क्वचितच मान्य केली असेल. प्रत्यक्षात ती पाने अपुरी पडली आणि मुले पुस्तकांसोबत वह्याही आणीत राहिली. जानेवारी २०२५ मध्ये हा निर्णय रद्द करण्यात आला. २०२५-२६ पासून पुस्तके पुन्हा कोऱ्या पानांविना येऊ लागली आणि वहीची खरेदी पूर्वीप्रमाणे जूनच्या त्याच पंधरवड्यात, बियाण्याच्या पिशवीशेजारी येऊन बसली. आठवीपर्यंत निदान पुस्तक तरी हातात असते. नववीला प्रवेश घेणाऱ्या मुलामुलीला त्या पंधरवड्यात दोन्ही विकत घ्यावे लागते.