'ळ' कुठून आला, आणि शेगावात त्याचा 'य' का होतो?

शेगावच्या बाजारात 'केयं' ऐकू येतं, पुस्तकात मात्र 'केळं' असतं. शाळेला 'शाया' म्हटलं की पोरं हसतात, मग मुलाखतीत आपण तोंड उघडायलाच कचरतो. म्हणून आज या एका अक्षराचा इतिहास बघू.

'ळ' तसा जुना. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत 'ईळे' हा शब्द आहे. तिथे दोन स्वरांमधल्या 'ड'चा 'ळ' झालाय. पुढच्या अभिजात संस्कृतात मात्र हा वर्ण उरला नाही. मराठीतला 'ळ' मुख्यतः प्राकृताच्या वाटेने आला. दोन स्वरांमध्ये एकटा 'ल' असेल, तर त्याचा 'ळ' झाला: फल-फळ, कमल-कमळ. काही ठिकाणी तो 'ड'पासून आला: तडाग-तळे, षोडश-सोळा, गुड-गूळ. शब्दाच्या सुरुवातीला 'ळ' का येत नाही, हेही यातूनच कळतं. तिथे आधी स्वरच नसतो.

मग 'तेल', 'फूल', 'मोल' यांत 'ल' कसा राहिला? प्राकृतात हे शब्द तेल्ल, फुल्ल, मोल्ल असे होते. जोड 'ल्ल' नंतर एकेरी झाला, तोवर 'ळ' होण्याचा बदल होऊन गेला होता. म्हणून संस्कृत 'काल'चा 'काळ' झाला, पण 'कल्य'चा आधी 'कल्ल' आणि मग 'काल' झाला. 'बालक' थेट संस्कृतातून घेतला, म्हणून त्यात 'ल' आहे. 'बाळ' प्राकृतातून आला. म्हणजे जे अपवाद वाटत होते, त्यांनीच बदलांचा क्रम सांगितला.

आता वऱ्हाडी बघा. काळा-काया, डोळा-डोया, शाळा-शाया. पण 'तेल'चं 'तेय' कोणी म्हणत नाही, 'फूल'चं 'फूय'ही नाही. य होतो तो फक्त 'ळ'चा. हिंदीत फल, फूल, तेल सगळीकडे एकच 'ल' आहे, तिथे हा फरक पुसला गेला. आपल्या आजीने प्राकृताचं व्याकरण पाहिलेलं नसतं, तरी एकेरी 'ल' आणि जोड 'ल्ल' यांच्यातला जुना फरक तिच्या बोलण्यात शाबूत आहे. मग याला गावंढळ उच्चार कसं म्हणायचं?

त्रास होतो तो लिहिताना. उच्चार 'य', मग लिहायचं 'य' की 'ळ', हे मुलाला पाठच करावं लागतं. रशियन मुलांचंही असंच होतं. सिरिलिक लिपीतल्या 'यात्' या अक्षराचा उच्चार 'ये' या अक्षरासारखाच झाला होता, तरी कोणत्या शब्दात कोणतं अक्षर, हे त्यांना पाठ करावं लागे. 1918च्या लेखनसुधारणेत ते अक्षरच गेलं. 'ळ'ला काढायची गरज नाही, बहुतेक मराठी माणसं तो उच्चारतातच. पण शुद्धलेखन शिकवताना उच्चाराला हसायचीही गरज नाही.

संशोधनाची तयारी करताना एवढं लक्षात ठेवा: 'चूक' दिसली की खोडण्याआधी तिची दहा उदाहरणं वहीत लिहा. त्यात नियम सापडला, तर ती चूक नाही, तो तुमचा डेटा आहे. सुरुवात घरातल्या बोलण्यापासून करा.