रस्त्याखालून गेलेले ११ वाघ : नागपूर–जबलपूर हायवेची गोष्ट

 

आजच्या भागात ना किल्ला आहे, ना लढाई. म्हणजे लढाई आहे, पण ती झाली कोर्टात, आणि ती मीटरमध्ये मोजायची आहे. गोष्ट आहे एका रस्त्याची. नागपुरातून निघून कामठी, कन्हान, मनसर, देवलापार करत खवासाला मध्य प्रदेशात शिरणारा आणि पुढे सिवनी, जबलपूरकडे जाणारा आपला हायवे. रामटेकला किंवा पेंचला गेलेल्या प्रत्येकाने त्याचा थोडा तरी तुकडा पाहिलेला आहे.

आधी एक आकडा सांगतो. मार्च ते डिसेंबर २०१९ या काळात देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने या रस्त्याखाली कॅमेरा ट्रॅप लावले. त्यात १८ जातींच्या वन्यप्राण्यांच्या ५,४५० नोंदी मिळाल्या. ११ वेगवेगळे वाघ, एकूण ८९ वेळा, रस्त्याखालून या बाजूचे त्या बाजूला गेले. वरून कंटेनर चाललेत, आणि खालून वाघ.

हे आपोआप झालं नाही. यामागे जवळपास दहा वर्षांचं भांडण आहे. तेच आज सांगायचंय.

रस्ता जुना, जंगल त्याहून जुनं

नागपूर ते जबलपूर ही वाट इंग्रजांच्या काळापासून महत्त्वाची. उत्तरेकडून दख्खनमध्ये उतरायचं तर सातपुडा ओलांडावाच लागतो, आणि ही वाट तिथूनच जाते. आजूबाजूचं जंगल म्हणजे सिवनीचं जंगल. किपलिंगच्या १८९४ च्या 'द जंगल बुक'मधला मोगली इथलाच.

स्वातंत्र्यानंतर हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ झाला. वाराणसी ते कन्याकुमारी, देशातला सगळ्यात लांब महामार्ग. दुसरीकडे १९७२ ला वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९७३ ला प्रोजेक्ट टायगर सुरू झाला, १९७५ मध्ये महाराष्ट्रातल्या पेंचला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि १९९९ मध्ये ते व्याघ्र प्रकल्प झालं. म्हणजे एकाच जंगलाला सरकारने दोन कामं दिली. एका खात्याने सांगितलं, इथे वाघ राहील. दुसऱ्याने सांगितलं, इथून देश जाईल. दोन पदरी रस्ता होता तोवर हे कसंबसं जमत होतं. रात्री ट्रक कमी झाले की प्राणी पलीकडे जायचे.

मग श्रीनगर–कन्याकुमारी हा उत्तर-दक्षिण कॉरिडॉर चौपदरी करायचं ठरलं. आपला रस्ता त्यातच आला. पुढे त्याचा नंबरही बदलला, आता तो ४४.

वाघाला पलीकडे जायचंच कशाला?

हा प्रश्न मला माझ्या ऑफिसातल्या मित्रानेही विचारला. "एवढं मोठं पेंच आहे ना भाऊ, राहा ना तिथंच!"

तसं नसतं. वाघाचं पिल्लू साधारण दोन वर्षांचं झालं की त्याला आईचा इलाका सोडावा लागतो. नर असेल तर मोठा नर त्याला टिकू देत नाही. मग तो चालत सुटतो. टिपेश्वरचा 'वॉकर' आठवतो का? यवतमाळ जिल्ह्यातून निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला तो तरुण वाघ २०१९ मध्ये शेतं, नाले, रस्ते ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. नऊ महिन्यांत त्याची चाल ३,००० किलोमीटरपेक्षा जास्त भरली.

पेंचमधल्या वाघाला पूर्वेकडे कान्हा आहे आणि खाली नवेगाव-नागझिरा. वाघांच्या डीएनएच्या अभ्यासातही कान्हा आणि पेंच यांच्यातली देवाणघेवाण दिसली आहे. ही ये-जा थांबली तर प्रत्येक जंगल एक बेट होतं. बेटावरचे वाघ आपसातच वाढतात आणि पिढ्यांमागून पिढ्या कमजोर होत जातात. आणि या भ्रमणमार्गाला आडवा पडलाय आपला हायवे.

भांडण

२००८ च्या सुमारास वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया ही संस्था सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीकडे गेली. एक पर्याय पुढे आला : चौपदरी रस्ता छिंदवाड्यावरून न्या, पेंचला हात लावू नका. महामार्ग प्राधिकरणाला ते मान्य नव्हतं. अंतर वाढतं, खर्च वाढतो. वाद लांबला.

आता दुसरी बाजू ऐका, कारण ती खोटी नव्हती. वाद चालू तोवर जंगलातल्या तुकड्याला कोणी हात लावेना. रस्त्याची चाळण झाली. देवलापारच्या माणसाला दवाखान्यासाठी नागपूरला यायचं तर याच खड्ड्यांतून यावं लागायचं. शेवटी रस्त्याच्या दुरवस्थेची मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्यामुळे ही गोष्ट 'चांगले वन्यजीवप्रेमी आणि वाईट रस्तेवाले' अशी सांगता येत नाही. दोन्हीकडे जीव अडकलेला होता.

२०१५ मध्ये मनसर ते खवासा पट्ट्यातली झाडं तोडण्यावरून प्रकरण पेटलं. नागपूरचं सृष्टी पर्यावरण मंडळ राष्ट्रीय हरित लवादात गेलं. एकीकडे उच्च न्यायालय, दुसरीकडे लवाद, वर सर्वोच्च न्यायालय. रस्ता होणार की नाही, हा प्रश्न हळूहळू मागे पडला. उरलेला प्रश्न असा : होणार तर कसा होणार?

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो, कारण आता सगळा वाद स्पेसिफिकेशनचा होता. प्राण्यांसाठी जागा सोडायची हे तत्त्वतः सगळ्यांना मान्य. पण किती ठिकाणी? किती रुंद? भारतीय वन्यजीव संस्थेचं म्हणणं, रुंद मोकळे मार्ग पाहिजेत. बांधणाऱ्यांचा हिशोब, प्रत्येक वाढीव मीटरला पैसे लागतात. पाणी जायला करतात तसा पाइप टाकून 'प्राण्यांची सोय केली' असं कागदावर दाखवता आलं असतं. पण गवा किंवा सांबर अंधाऱ्या, अरुंद बोगद्यात शिरत नाही. पलीकडचा उजेड आणि जंगल दिसलं तरच ते पाय टाकतात.

शेवटी महाराष्ट्राच्या बाजूला ९ मार्ग झाले : ५ खास प्राण्यांसाठीचे अंडरपास आणि ४ छोटे पूल. सगळ्यात अरुंद ५० मीटर, सगळ्यात रुंद ७५० मीटर. पाऊण किलोमीटर रस्ता खांबांवर उचललाय, खाली जमीन तशीच. मध्य प्रदेशच्या बाजूला मोहगाव ते खवासा या २९ किलोमीटरमध्ये १४ अंडरपास झाले, आणि आवाज-उजेड खाली जाऊ नये म्हणून कडेला भिंतीसारखे पत्रे लावले.

कॅमेऱ्याने काय सांगितलं

सॉफ्टवेअरमध्ये आपण म्हणतो, फीचर चालतं की नाही ते लॉग सांगतो, मीटिंग नाही. कॅमेरा ट्रॅप म्हणजे तोच लॉग. सगळ्यात जास्त दिसली चितळं. रानडुकरं, रानकुत्रे, वाघही आले. म्हणजे सावज आणि शिकारी दोघांनीही तो मार्ग आपला मानला.

कॅनडातल्या बॅन्फ राष्ट्रीय उद्यानातही हेच झालं. १९८० च्या दशकापासून तिथल्या महामार्गाला कुंपण, अंडरपास आणि पुढे वरून जाणारे हिरवे पूल केले, आणि प्राण्यांच्या धडका ८० टक्क्यांहून जास्त कमी झाल्या. कर्नाटकातल्या बांदीपूरने वेगळा मार्ग घेतला. तिथे २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ रस्ता बंद. पण ४४ वर देशभरचे ट्रक रात्रीच धावतात. तो बंद ठेवणं कुणाच्या हातात नव्हतं. म्हणून मग रस्ताच उचलावा लागला.

दुसरा रस्ता, दुसरा शेवट

हे सगळं केलं नसतं तर? उत्तर नागपूरच्या दुसऱ्या बाजूला आहे.

बोर हा २०१४ मध्ये घोषित झालेला, जेमतेम १३८ चौरस किलोमीटरचा व्याघ्र प्रकल्प. तिथला दमदार नर 'बाजीराव'. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस नागपूर–अमरावती हायवेवर, बाजारगावजवळ, गाडीच्या धडकेत तो मेला. हा हायवे आधीच चौपदरी झालेला होता. ४४ वर जशी वर्षानुवर्षं मीटरची घासाघीस झाली, तशी त्याच्या वाट्याला आली नाही. शहर एकच, दोन हायवे. एकावर कॅमेऱ्यात ८९ नोंदी. दुसऱ्यावर बाजीराव.

म्हणूनच मला हा इतिहास महत्त्वाचा वाटतो. आज अंडरपासचे फोटो 'विकास आणि निसर्ग हातात हात घालून' अशा कॅप्शनने फिरतात. पण ते हात कुणीतरी धरायला लावले. कोणी अर्ज केले, कोणी जंगलात पाऊलखुणा मोजल्या, कोणी वर्षानुवर्षं तारखांना उभं राहिलं. पुढे समृद्धी महामार्गाच्या आराखड्यात वन्यप्राण्यांसाठी खालून आणि वरून जाणारे मार्ग आले, त्यालाही या भांडणाची पार्श्वभूमी आहे.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. अंडरपास म्हणजे फक्त दरवाजा. दरवाज्याच्या दोन्ही बाजूंना घर पाहिजे. पलीकडे उद्या रिसॉर्ट, ले-आउट, तारेचं कुंपण आलं, तर ७५० मीटरचा मार्ग कुठेच जाणार नाही. आणि ही जमीन बऱ्याचदा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीबाहेर असते, म्हणजे तिच्यावर सफारीवाल्यांची नजर नसते आणि बातमीवाल्यांचीही.

प्रॉडक्शनमध्ये गेलेला बग दुरुस्त करणं किती महाग पडतं, हे कोड लिहिणाऱ्याला सांगायला नको. रस्त्याचंही तसंच. बांधून झालेला हायवे नंतर उचलता येत नाही. त्यामुळे विदर्भात पुढच्या वेळी नव्या रस्त्याची, रेल्वेलाइनची, कालव्याची बातमी तुमच्या फोनवर आली, तर लेन किती आणि टोल किती हे बघाच. सोबत एवढं विचारा : प्राण्यांची वाट नकाशावर कधी आली? टेंडर निघायच्या आधी, की कोणीतरी कोर्टात गेल्यावर?

भेटू पुढच्या भागात. आणि हो, ४४ वरून जाताना स्पीड जरा कमी ठेवा. सगळेच काही खालून जात नाहीत.