मतांचा बाजार आणि कायद्याचा लगाम

इ. स. १८०३ सालीं असईच्या रणांगणावर शिंद्यांच्या बाजूनें ज्या पलटणी उतरल्या, त्यांत सरधन्याच्या बेगम समरूच्याहि पलटणी होत्या. याच बेगमेचा दत्तक वारस डेव्हिड ऑक्टरलोनी डाइस सोंब्र हा तिच्या मृत्यूनंतर अलोट संपत्ति घेऊन विलायतेस गेला, आणि १८४१ सालीं सफोक परगण्यांतील सडबरी या गांवाकडून पार्लमेंटांत निवडून आला. हिंदी रक्ताचा मनुष्य तेथें निवडून येण्याचा हा पहिलाच प्रसंग. परंतु हा मान वर्षभरहि टिकला नाहीं. १८४२ च्या एप्रिलांत ही निवडणूक रद्द ठरली. कारण मतें सर्रास विकत घेतलीं गेलीं होतीं. पुढें १८४४ सालीं सडबरीचा प्रतिनिधि पाठविण्याचा हक्कच पार्लमेंटनें काढून घेतला.

त्या काळीं इंग्लंडांत लांचेविरुद्ध कायदा नव्हता, असें मात्र कोणीं समजूं नये. निवडणुकीचा हुकूम सुटल्यावर उमेदवारानें मतदारांस खाऊंपिऊं घालूं नये, देणगी किंवा तिचें वचनहि देऊं नये, असा कायदा १६९६ सालींच झाला होता. १७२९ च्या कायद्यानें तर 'मीं लांच घेतलेली नाहीं' अशी शपथ मतदाराकडून घेववितां येऊं लागली, आणि अपराध्यास पांचशें पौंड दंड ठरला. तरीहि १७५४ सालच्या ऑक्सफर्डशायरच्या निवडणुकीवरून विल्यम होगार्थ या चित्रकारानें जीं चार चित्रें रंगविलीं, त्यांतील पहिलेंच चित्र उमेदवारांच्या मेजवानीचें आहे. आणि त्यांत खाऊन खाऊन भोवळ आलेला नगराध्यक्षहि आहे! न्यू शोरहॅम येथें तर मतदारांनीं 'ख्रिस्ती मंडळ' नांवाची संस्थाच काढली होती. नांव धर्माचें, धंदा मतांच्या अडतीचा. १७७० सालीं हें बिंग फुटलें, आणि पुढल्या वर्षीं पार्लमेंटनें मंडळाच्या सभासदांचा मताधिकार काढून घेऊन भोंवतालचा मुलूख त्या मतदारसंघास जोडला.

कायदे असून ते निष्फळ कां झाले? पहिलें कारण असें कीं, मतदान उघड होतें. मतदार सर्वांसमक्ष आपल्या उमेदवाराचें नांव सांगे, तें वहींत लिहिलें जाई, आणि अशा वह्या छापूनहि निघत. घेतलेला माल हातीं पडला कीं नाहीं, हें गिऱ्हाइकास तेथल्या तेथें कळे. दुसरें कारण, निवडणुकीच्या तक्रारींचा निवाडा स्वतः कॉमन्स सभाच करी. म्हणजे ज्यांनीं स्वतः मेजवान्या दिल्या, तेच न्यायासनावर बसत. तिसरें कारण लोकांच्या मनांत होतें. गरीब कारागिराच्या दारीं हा मोठा गृहस्थ कित्येक वर्षांतून एकदां येई. मत ही वडिलोपार्जित मिळकत. तिचें एवढेंच उत्पन्न हातीं येतें, तेंहि कां सोडावें, असा त्याचा हिशेब असे. उमेदवार या व्यवहारास आदरातिथ्य म्हणे. पाहुणचार कोठें संपतो आणि लांच कोठें सुरू होते, ही सीमा दोघांनाहि नकोच होती.

ही सीमा हळूहळू आंखली गेली. १८५४ च्या कायद्यानें लांच, मेजवानी आणि गैर दडपण यांच्या स्पष्ट व्याख्या केल्या. १८६८ सालीं तक्रारींचा निवाडा न्यायाधीशांकडे गेला. १८७२ सालीं गुप्त मतदान आलें. आतां दिलेल्या पैशाचें मत पडलें कीं नाहीं, याची देणाऱ्यास खात्री उरली नाहीं. एवढ्यानेंहि रोग हटला नाहीं. १८८० च्या निवडणुकीनंतर सँडविच, मॅकल्सफील्ड अशा गांवांची चौकशी झाली, तेव्हां लांचेचा सुळसुळाट पुन्हां उजेडांत आला.

तेव्हां ॲटर्नी जनरल सर हेन्री जेम्स यांनीं पुढें आणलेला १८८३ चा कायदा मुळावरच घाव घालणारा निघाला. लांच पकडणें कठीण. पण खर्च मोजणें शक्य आहे, हें त्यांतील मर्म होय. प्रत्येक उमेदवाराच्या खर्चास मर्यादा घातली गेली. खर्च एकाच मुखत्याराच्या हातून व्हावा आणि त्याचा हिशेब द्यावा, असें ठरलें. मतदारांस नेण्यासाठीं भाड्याच्या गाड्या, पैसे देऊन आणलेले वाजंत्री, निशाणें हीं सर्व बंद झालीं. दारूच्या दुकानांत प्रचाराची कचेरी थाटण्यासहि मनाई झाली. लांच किंवा मेजवानी देणाऱ्यास कैदेची शिक्षा होऊं लागली. आणि स्वतः उमेदवारच दोषी ठरल्यास तो मतदारसंघ त्याला कायमचा बंद झाला. परिणाम लवकरच दिसला. १८८० सालीं उमेदवारांचा एकूण खर्च सुमारें सतरा लक्ष पौंड झाला होता; १८८५ सालीं मतदार कितीतरी वाढले असूनहि तो दहा लक्षांच्या आसपास उतरला.

याच कायद्याखालीं १८९२ सालीं मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांतील एके काळचे प्राध्यापक दादाभाई नौरोजी मध्य फिन्सबरींतून अवघ्या पांच मतांनीं निवडून आले. जेथें पांच मतें निकाल फिरवितात, तेथें जुन्या काळीं त्या पांचांचा भाव किती चढला असता, याची कल्पनाच करावी!

हिंदुस्थानांत १९२० सालीं दंडसंहितेंत निवडणुकीच्या गुन्ह्यांचें नवें प्रकरण घातलें गेलें. स्वातंत्र्यानंतर १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानें लांच हें निवडणूक रद्द करण्याचें कारण ठरविलें. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अंमलांत आली, तींतहि हे गुन्हे कायम आहेत. लांचेस एक वर्षापर्यंत कैद होऊं शकते. मात्र ती खाण्यापिण्याच्या किंवा करमणुकीच्या रूपानें दिली असेल, तर केवळ दंड. पाहुणचाराविषयींची जुनी भीड कायद्याच्याहि मनांतून पुरती गेलेली नाहीं.

सडबरींत पैसे न घेतलेले मतदारहि असतीलच. १८४४ सालीं घेणारा आणि न घेणारा असा भेद कोणीं केला नाहीं. साऱ्या गांवाचाच आवाज गेला. विकणाऱ्यास किंमत मिळाली होती. ती चुकती केली, ती न विकणाऱ्यानें.